आंबाबोडीचा स्टेडियमविरोध

विकास कोणालाही करता येतो. त्याला पैसा लागतो, आणि पैसा वरून येतो. विरोधाचं तसं नाही. विरोध गावातच पेरावा लागतो, त्याला राखण लागते, आणि तो ऐन हंगामात हाती यावा यासाठी मुरलेला माणूस लागतो. आंबाबोडी नगर परिषदेला असा माणूस धर्मेंद्रभाऊ नागपुरे यांच्या रूपाने मिळाला, हे त्या गावाचं भाग्य. (काही लोक याला दुसरा शब्द वापरतात. ते लोक वार्ड आठमध्ये राहतात.)

वारासिवनीहून कटंगीकडे जाताना आंबाबोडी दिसतं. बसमध्ये डुलकी लागली असेल तर राहून जातं, आणि त्याने कोणाचं फारसं बिघडत नाही. पंधरा वार्ड, चार राइस मिल, एक तळं आणि तळ्याच्या पाळीला लागून एक मैदान, एवढी गावाची मालमत्ता. मैदानावर दसऱ्याला रावण जळतो, उन्हाळ्यात लग्नं लागतात, हंगामात धान वाळतो आणि उरलेल्या वेळात गाई बसतात. गाई कोणाच्या आहेत हे विचारलं की कोणाच्याच नसतात.

धर्मेंद्रभाऊ हे वार्ड सातचे पार्षद, म्हणजे नगरसेवक, आहेत असं गावात लहानथोर सगळे समजतात. जीपच्या काचेवर तसं लिहिलं आहे. कायद्याने हे खरं नाही. वार्ड सात महिलांसाठी राखीव निघाला, तेव्हा भाऊंनी मोठ्या मनाने उमेदवारी घरातच ठेवली आणि निवडून आल्या त्या त्यांच्या पत्नी. तेव्हापासून त्या पार्षद आणि भाऊ पार्षदपती. हे पद कोणत्याही कायद्यात सापडत नाही, यावरून आपले कायदे किती अपुरे आहेत हे लक्षात यावं.

कामाची वाटणी सरळ होती. पार्षदबाईंनी निवडून यायचं. बैठकीला जाणं, भाषण करणं, रबरी शिक्का वरच्या खिशात बाळगणं आणि सही करणं ही उरलेली किरकोळ कामं भाऊंनी स्वतःकडे घेतली. सही ते इतक्या सफाईने करत, की एकदा पार्षदबाई स्वतः बँकेत गेल्या तर त्यांची सही जुळेना. शेवटी भाऊंना बोलवावं लागलं. त्यांनी केली, लगेच जुळली. मॅनेजरने पार्षदबाईंना प्रेमाने समज दिली, की पुढच्या वेळी अशी जोखीम घेऊ नका.

आंबाबोडीत पंधरापैकी आठ वार्ड महिलांकडे आहेत. म्हणून बैठकीला सात पार्षद आणि आठ पार्षदपती बसत. स्त्रियांचं प्रतिनिधित्व निम्म्याहून जास्त आणि सभागृहात एकही बाई नाही, ही किमया साधल्यामुळे परिषदेचा महिलांसाठी वेगळी मोरी बांधायचा खर्च वाचला. (तो खर्च कागदावर झालेला आहे. पण तो वेगळा विषय.)

अशा सुरळीत कारभारात भोपाळहून पत्र आलं. आंबाबोडीच्या मैदानावर फुटबॉलचं स्टेडियम मंजूर झालं आहे, सबब परिषदेने जागा देण्याचा ठराव महिनाभरात पाठवावा, न पाठवल्यास स्टेडियम दुसऱ्या गावाला जाईल. झालं होतं असं, की गावातल्या काही पोरी सकाळी गाई उठवून त्या मैदानावर फुटबॉल खेळत, आणि आदल्या वर्षी त्या जिल्ह्यात पहिल्या आल्या होत्या. ही बातमी भोपाळला आंबाबोडीच्या आधी कळली. त्या पोरींत भाऊंची मुलगी अपेक्षाही होती. अकरावीत शिकणारी, डाव्या पायाने मारणारी.

भाऊंनी आधी विरोध केला नाही, हे इतिहासासाठी नमूद करायला हवं. त्यांनी आधी नकाशा पाहिला. नकाशा घेऊन आलेला इंजिनिअर तरुण होता.

"हे काय हाय?" भाऊंनी बोट ठेवलं.

"सर, ये प्लेयर्स की एंट्री है."

"अन् मंडईचा मंच कुठी?"

"मंच तो नहीं है सर."

"मग सोफा कहाँ लगेगा?"

इंजिनिअरने नकाशा उलटा करून पाहिला, पाठीमागेही पाहिलं. "सोफा नहीं लगेगा सर. सबके लिए प्लास्टिक की सीट है. एक जैसी."

'एक जैसी' हे दोन शब्द त्याने गाळले असते तर आंबाबोडीत आज वेगळा इतिहास असता.

या सोफ्याची थोरवी सांगणं भाग आहे. आमच्या भागात दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते. पाळणे येतात, जिलेब्या तळल्या जातात, दंडारीचा खेळ होतो, पाहुणे येतात आणि पाहुण्यांच्या पोरींना पाहायला आणखी पाहुणे येतात. आंबाबोडीच्या मंडई समितीचे अध्यक्ष भाऊ. मंचाच्या मधोमध मरून रंगाचा मखमली सोफा असतो, त्यावर भाऊ बसतात. उजवीडावीकडे खुर्च्या असतात, त्यांवर बाकीचे बसतात. वर्षभर माणूस शिक्का खिशात घालून वणवण करतो ती कशासाठी? सोफा ज्याच्या खाली तो पुढारी, हे गावाला समजतं. स्टेडियम झालं तर मैदान गेलं, मैदान गेलं तर मंडई गेली, मंडई गेली तर सोफा गेला, आणि मग भाऊ काय राहिले? बायको पार्षद असलेला एक माणूस.

म्हणून विरोध ठरला. तो वैयक्तिक वाटू नये यासाठी तो लोकांचा असणं जरूर होतं, म्हणून भाऊंनी सर्वेक्षण केलं. तळ्याजवळच्या पानठेल्यावर चाळीस जणांना विचारलं, तुम्ही फुटबॉल खेळता का? अडतीस जण नाही म्हणाले. उरलेले दोघं तोंडात पान असल्यामुळे बोलू शकले नाहीत, त्यांना तटस्थ धरलं. (विचारलेल्यांचं सरासरी वय एकोणसाठ.) त्यावरून गावातील पंचाण्णव टक्के जनता फुटबॉलच्या विरोधात असल्याचं सिद्ध झालं. मग पवनच्या टेंट हाउसमध्ये बसून हरकती लिहिल्या गेल्या. पवन हा वार्ड तीनचा पार्षदपती, आणि गावातले सगळे मंडप त्याचेच. सोफाही त्याचाच. हरकतींपैकी मुख्य अशा:

एक. हा खेळ परदेशी आहे. (क्रिकेटची जर्सी घातलेल्या पार्षदांनी मांडली.)

दोन. स्टेडियमला मोठाले दिवे लागतील. रात्रभर उजेड राहिला तर आजूबाजूच्या बांध्यांतल्या धानाला झोप मिळणार नाही, आणि न झोपलेला धान भरत नाही.

तीन. मैदानावर हिरवळ लावणार आणि तिच्यावर गाई बसू देणार नाहीत. गवत लावून गाईला हाकलणं कोणत्या धर्मात बसतं, याचा खुलासा विभागाने करावा.

चार. मंडई बंद होईल. मंडई बंद झाली की पोरी पाहणं बंद, पाहणं बंद की लग्नं बंद, लग्नं बंद की लेकरं बंद. वीस वर्षांत आंबाबोडीची लोकसंख्या इतकी घटेल की नगर परिषद मोडून ग्रामपंचायत करावी लागेल. तेव्हा स्टेडियमला विरोध म्हणजे वस्तुतः नगर परिषदेचं संरक्षण होय.

पाच. या खेळात पाय मोडतात. उदाहरणार्थ, वार्ड सातच्या लोकप्रतिनिधींची कन्या.

पाचवी हरकत सगळ्यांत भक्कम होती, कारण ती खरी होती. गेल्या हिवाळ्यात अपेक्षाचा पाय मोडला होता. चेंडूमागे धावताना पाय एका खड्ड्यात गेला. खड्डा मंडईच्या मंचाच्या खांबाचा होता. मंडई उठली की पवनची माणसं बांबू उपसून नेत, आणि खड्डे पुढच्या वर्षी पुन्हा लागतात म्हणून तसेच ठेवत. हा सगळा भाग हरकतीत लिहिला नाही, कारण हरकत मुद्देसूद असावी लागते.

अपेक्षा प्लास्टर निघाल्यावर परत खेळू लागली. रोज पहाटे तिच्यासोबत तिची आई घमेलं घेऊन मैदानावर जाई, आणि पोरींचा खेळ सुरू होण्याआधी सापडतील ते खड्डे मुरूम टाकून पायाने दाबी. गावाने हे पाहिलं होतं. पार्षदाच्या घरची बाई असून घमेलं उचलते, म्हणून गावाला भाऊंची दया येई.

"पापा, अगले महिने जबलपुरले ट्रायल हाय माझी," अपेक्षा एकदा म्हणाली. "यहाँ प्रैक्टिस कहाँ करू? लगन का सीजन चालू हो रहा. फिर से गड्ढे."

"बाई, तुयासाठीच तं विरोध करून राह्यलो," भाऊ म्हणाले. "पाय मोडला तुया का माया?"

पोरगी बुटाची लेस बांधू लागली. खरं कारण सांगून झाल्यावर पोरं गप्प होतात, असा भाऊंचा अनुभव होता.

हरकती भोपाळला गेल्या. वाटलं, प्रकरण मिटलं. पण भोपाळची माणसं शिकलेली. त्यांचं दुसरं पत्र आलं: हरकती विचारात घेतल्या जातील, मात्र ठरावाच्या बैठकीला निवडून आलेल्या सदस्यांनीच बसावं, नातेवाइकांनी बाहेर थांबावं, आणि बैठकीचं व्हिडिओ चित्रण व्हावं.

पवनच्या टेंट हाउसमध्ये आठ पार्षदपतींची तातडीची सभा झाली.

"हे तं लोकशाहीवर हल्ला हाय," एक जण म्हणाला.

"माझीवाली आजपर्यंत परिषदेची पायरी चढली नाही," पवन म्हणाला. "तिले काय समजते स्टेडियम?"

"समजाले लागते कायले?" भाऊ म्हणाले. "आपल्याले समजते का? विरोध करा लागते. एक वाक्य शिकवा. माझीवाली पहिले उठीन. तिचं झालं की बाकीच्या सातजणींनी एवढंच म्हनायचं, सातवालीचं जे, तेच माझं. पाठ कराले सोपं हाय, गडबड होत नाही."

योजना बिनतोड होती. आठ बाया आणि सात पुरुष, पंधराच्या पंधरा मतं विरोधात. सर्वांनी चहा घेतला.

आदल्या संध्याकाळी भाऊंनी घरी शिकवणी घेतली. पार्षदबाई पोहे निवडत होत्या.

"अपेक्षाची माय, उद्या तुले बैठकीत जा लागते."

"मले? तुमची तब्येत बरी नाही का?"

"बरी हाय. वरून आर्डर आला. आता बाईलेच बसा लागते म्हनते."

"बसून काय करू?"

"काही नाही करायचं. अध्यक्ष विचारीन, किसका विरोध है? तू उठजो अन् म्हनजो, मेरा विरोध है. अन् बसून जाजो. बस."

"हिंदीत काहून?"

"भोपाळवाले पाहणार हायत. म्हन पाहू."

"मेरा विरोध है," पार्षदबाई म्हणाल्या, आणि एक खडा बाजूला टाकला.

"थोडी जोरात."

"मेरा विरोध है."

"अशी. हात थोडासा वर."

अपेक्षा आतून म्हणाली, "पापा, मम्मीले पुढचं भी सांगा ना."

"पुढचं काही लागत नाही," भाऊ हसले. "पंधरा वर्षं विरोध करून राह्यलो मी. कशाले विरोध हाय, हे आजपर्यंत मले कोनं विचारलं?"

हे अगदी खरं होतं.

बैठकीच्या दिवशी आठ बाया जरीच्या साड्या नेसून सभागृहात शिरल्या. आठ नवरे बाहेर खिडकीखालच्या बाकावर बसले. शिपायाने पंधरा चहा आणले, आणि सवयीप्रमाणे सात पुरुष पार्षदांना आणि आठ खिडकीबाहेर देऊन मोकळा झाला. आत भोपाळहून आलेल्या मुलाने तिपाईवर कॅमेरा लावला. अध्यक्ष बाबूलालजी, शेजारी सीएमओ साहेब, म्हणजे परिषदेचे मुख्याधिकारी, आणि कोपऱ्यात कार्यवाही लिहायला फकिराबाबू. सीएमओ नवे होते, सागरकडचे. गावाची रीत अजून त्यांच्या अंगवळणी पडली नव्हती.

आंबाबोडीची रीत अशी, की ठरावाला कोणाचा पाठिंबा आहे हे कधी विचारत नाहीत. विरोध कोणाचा, एवढंच विचारतात. पाठिंबा विचारला तर उत्तर द्यायला उठावं लागतं.

"मैदान की जमीन स्टेडियम को देने का प्रस्ताव है," बाबूलालजी म्हणाले. "किसका विरोध है?"

सात पुरुषांनी हात वर केले. "स्टेडियम का विरोध," असं त्यांच्यापैकी एकाने सर्वांतर्फे सांगितलं, तेही लिहून झालं. मग पार्षदबाई उठल्या. हात थोडासा वर. खिडकीबाहेर भाऊंचे ओठ हलत होते.

"मेरा विरोध है."

आवाज खणखणीत आला. बाकावर पवनने भाऊंची पाठ थोपटली.

"किस बात का?" सीएमओंनी विचारलं.

असा प्रश्न तिथे पूर्वी विचारला गेला नव्हता. बाबूलालजींनी सीएमओंकडे पाहिलं, एखाद्याने जेवताना पाहुण्याच्या पगाराची चौकशी करावी तसं. सीएमओंनी कॅमेऱ्याकडे बोट दाखवलं. "रिकॉर्ड में आना है. किस बात का विरोध?"

पार्षदबाईंनी खिडकीकडे पाहिलं. खिडकीत भाऊ दोन्ही हातांनी हवेत काहीतरी गोल काढून दाखवत होते. ते स्टेडियम होतं. आतून ते जिलेबीसारखं दिसत होतं.

"ते तं मले सांगितलंच नाही," पार्षदबाई म्हणाल्या. "पण आता विचारताच हा, तं सांगते. मैदानात बांबू गाडायले माझा विरोध हाय. मंडईचे, लगनाचे, सगळे. खड्डा करतेत अन् चालले जातेत. माझ्या पोरीचा पाय मोडला त्याच्यात. ज्याले बांबू गाडाचा हाय त्यानं आपल्या अंगणात गाडावा. स्टेडियमले माझा विरोध नाही. होऊ द्या."

आणि त्या बसल्या. बसून जाजो, हेही शिकवलेलंच होतं.

मग वार्ड तीनवाली उठली. "सातवालीचं जे, तेच माझं." पदर सावरून बसली. मग नऊवाली. मग अकरावाली. सातही जणी ओळीने उठल्या आणि पाठ केलेलं वाक्य एकीनेही चुकवलं नाही. बाहेर आठ नवऱ्यांना आपल्या शिकवणीचा एवढा निर्दोष निकाल प्रथमच पाहायला मिळाला. आठ विरुद्ध सात, ठराव मंजूर. त्यासोबत मैदानात खड्डे खोदायलाही बंदी.

"पहले जो मैडम बोलीं, उनका पूरा नाम?" सीएमओंनी विचारलं.

फकिराबाबूंनी लेखणी उचलली आणि तशीच धरली. तीन वर्षं ते 'सौ. नागपुरे' लिहीत आले होते. त्यांनी बाबूलालजींकडे पाहिलं. निवडीचं प्रमाणपत्र दिलं तेव्हा बाबूलालजी मंचावर होते, पण प्रमाणपत्र भाऊंनी घेतलं होतं. "लिहा ना, धर्मेंद्रभाऊची मिसेस," एक पार्षद म्हणाला.

"ये नहीं चलेगा," सीएमओ म्हणाले.

सगळ्यांनी खिडकीकडे पाहिलं. भाऊंना मदत करायची होती. ते नाव ते सहीत रोज लिहीत, पण सही हात करतो, त्यात तोंडाचा संबंध नसतो. त्यांनी तोंड उघडलं, आणि बाहेर आलं ते असं:

"अपेक्षाची माय."

पार्षदबाई पुन्हा उठल्या. त्यांनी आपलं नाव सांगितलं, बापाच्या घरून मिळालेलं, स्वच्छ आवाजात. फकिराबाबूंनी ते दोनदा विचारून लिहून घेतलं.

घरी आल्यावर भाऊंनी जाब विचारला. "आपलं काय ठरलं होतं?"

"तुम्ही म्हटलं विरोध हाय म्हन. म्हटला," पार्षदबाई म्हणाल्या. "पुढचं तुम्ही शिकवलं नाही, तं मी मनचं जोडलं. जेवता का?"

भाऊ जेवले. विचारही केला. पुढारी आणि सामान्य माणूस यांत फरक हाच, की सामान्य माणूस हरतो.

भूमिपूजनाला मैदानावर लांबलचक फलक लागला: 'वार्ड सातचे लाडके पार्षद धर्मेंद्रभाऊ नागपुरे यांच्या अथक प्रयत्नांनी स्टेडियम'. फोटो भाऊंचा, कमरेपासून वर. तळाशी, तिकिटाएवढ्या चौकोनात, हात जोडलेल्या पार्षदबाई. नावाला जागा पुरली नाही. मंच पवनचा होता. मधोमध मरून सोफा होता, आणि भाऊंनी त्यावर बसून स्टेडियमसाठी आपण विरोधकांशी कसा लढा दिला, हे सविस्तर सांगितलं. खड्डेबंदीच्या ठरावाबद्दल परिषदेचं अभिनंदनही केलं. (मंचासाठी मैदानात बावीस खड्डे खोदावे लागले. त्याला इलाज नव्हता, कार्यक्रम सरकारी होता.)

दुसऱ्या दिवशी पहाटे अपेक्षा जबलपूरच्या आधीची शेवटची प्रॅक्टिस करायला मैदानावर गेली. तिच्या पुढे तिची आई, हातात मुरुमाचं घमेलं.

आता एवढंच उरलं. या हकिकतीत धर्मेंद्रभाऊंचं नाव आलं, मुलीचं आलं, मंडपवाल्याचं, अध्यक्षांचं आणि कारकुनाचंही आलं. जिच्या एका मतावर गावात स्टेडियम झालं, तिला आम्ही पहिल्यापासून पार्षदबाई म्हणत आलो, आणि इथवर येईपर्यंत वाचकांना कुठे अडखळायला झालं नाही, वाचन सुरळीत पार पडलं, याबद्दल आंबाबोडी नगर परिषद आपली आभारी आहे. नाव लपवण्यासारखं काही नव्हतं. सीएमओंनी विचारलं, त्यांना मिळालं. तुम्हीही विचारलं असतंत तर सांगितलं असतं.